पाय कुठे होते

१२ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून सोडून देतेस, म्हणून टपालाची वाट धरली. पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर उघडायची नाहीस, म्हणून पत्ता ताईकडून लिहून घेतला. लिहिता लिहिता तुझ्या आईने विचारलंच, मामा-भाचीचं एवढं काय बिनसलंय. मी म्हणालो, खेळातलं आहे. खेळातलं म्हटलं की ताई पुढे काही विचारत नाही, हा तिचा मोठा गुण.

तू विचारलं नाहीस तरी सांगतो, नवा गुडघा ठीक आहे. वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जातो आणि कशाला आलो ते विसरून परत येतो. व्यायाम करून घ्यायला एक बाई येतात. त्या पाय वाकवतात, मी ओरडतो, मग त्या "छान" म्हणतात. चाळीस वर्षं शाळेत मुलांकडून कवायत करून घेतली, त्याची सव्याज परतफेड चालू आहे.

आता मुद्द्याचं. तू पंच होतीस तो सामना झाला तेव्हा मी दवाखान्यात पालथा-उताणा होत होतो. त्या संध्याकाळी तुझा फोन आला. तुझा आवाज बसलेला होता. मी विचारलं, "पाय कुठे होते?" आणि फोन बंद झाला. मला वाटलं रेंज गेली. चार दिवसांनी ताईकडून कळलं की तू औषधांच्या गोदामातली ती लांबची नोकरी धरलीस, बॅग भरलीस आणि शिट्टी आईच्या हातात देऊन गेलीस. मामाने आधी "कशी आहेस" विचारायला हवं होतं, हे ताईचं मत. असेल. पण पाय कुठे होते हे मला अजूनही जाणून घ्यायचं आहे आणि ते तुझ्याशिवाय कोण सांगणार?

माझ्या कानावर आलेली हकीकत लिहितो. तुला ती माहीत आहे, पण मी कुठे चुकतोय ते तुला पाहता येईल. सामना संपत आला होता, यजमान मुली एका गुणाने मागे. त्यांची सर्वांत उंच पोरगी, जिला सगळे जिराफ म्हणतात, चेंडू घेऊन रिंगकडे धावली. समोर पाहुण्यांची ती बुटकी, तिला आपण खुंटी म्हणू, उभी. जिराफ उडाली, खुंटीवर आदळली, दोघी पडल्या. चेंडू मात्र रिंगमधून खाली आला. तू शिट्टी वाजवलीस आणि मूठ तळहातावर मारलीस. म्हणजे फाउल उडी मारणारीचा, बास्केट रद्द. यजमान हरले आणि जिराफचं मनगट मोडलं. लोक कोर्टवर उतरले, वॉचमनने तुला मागच्या दाराने बाहेर काढलं.

त्यांच्या प्रशिक्षकाने पंच मंडळाकडे तक्रार केली आहे. मंडळाने तुझ्याकडून खुलासा मागितला, तू दिला नाहीस. मार्चअखेर बैठक आहे. तोवर काही आलं नाही तर पंचांमधून तुझं नाव कमी होईल. तसं झालं तर मला फार वाईट वाटेल. या घराण्यात बास्केटबॉलवर बोलण्यासारखं दुसरं कोणी नाही. तुझ्या बाबांना अजून वाटतं की प्रत्येक बास्केटला एकच गुण असतो.

लिही. दोन ओळी पुरे.

मामा


२३ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

उत्तर नाही. हरकत नाही, मी एकटाही बोलू शकतो, तुला अनुभव आहे.

आठवडाभर तुझ्या सामन्यातल्या त्या उडीने डोकं खाल्लंय. इतकी वर्षं पंचगिरी केली, नियम तोंडपाठ आहे, पण पडून राहिलं की पाठ असलेल्या गोष्टीही नव्याने दिसतात. जमिनीवर उभ्या माणसाची जागा त्याची, इथवर कुणाचं काही म्हणणं नाही. पण जो हवेत आहे त्याची जागा कोणती? नियम म्हणतो, जिथून उडालास तिथे परत उतरायचा हक्क तुझा. पुढे कुठे उतरायचं असेल तर तोही तुझा, पण तू उडालास त्या क्षणी ती जागा आणि तिथवरची वाट रिकामी असली पाहिजे. उडी मारल्यावर कोणी खाली येऊन उभं राहिलं तर दोष त्याचा. आधीपासून उभं असेल तर दोष तुझा. म्हणजे सगळा निवाडा एका क्षणावर, बूट जमीन सोडतो त्या क्षणावर. चेंडू आत गेला की बाहेर याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. काय सुंदर गोष्ट आहे! हे ज्याने लिहिलं त्याला माणसांची चांगली पारख असणार.

म्हणून मी चौकशीला लागलो. रागावू नकोस. वॉकर सोडून काठीवर आलोय, घरी बसून करू काय?

आधी जिराफच्या घरी गेलो. हातात प्लास्टर, त्यावर मैत्रिणींनी चित्रं काढलेली. गुणी पोरगी आहे, मला खुर्ची दिली, काठी कुठे ठेवू ते विचारलं. ती ठाम सांगते, "सर, मी उडाले तेव्हा समोर कुणी नव्हतं." मग खुंटीला गाठलं. तीही तितकीच ठाम, "मी केव्हाची उभी होते." दोघींच्या तोंडावर खोटं बोलल्याची खूण नाही. मला कोडंच पडलं.

मग माझ्या जुन्या शाळेच्या हॉलमध्ये गेलो. मुलींच्या बुटांच्या तळाला खडूची पूड लावली आणि एकेकीला धावत येऊन, उडी घेऊन ले-अप मारायला लावलं. उतरल्यावर विचारायचं, किती पुढे आलीस? बहुतेकींचं उत्तर, जागच्या जागी. जमिनीवर बघावं तर खडूचा ठसा चांगला हातभर पुढे! एकीने तर मी ठसा हलवला असा आरोप केला. उडणारा माणूस रिंग बघत असतो गं. खाली कोण आहे हे त्याला पडल्यावर कळतं. म्हणजे जिराफ खोटं बोलत नाही, फक्त तिची साक्ष कामाची नाही. खुंटीची तरी कशी धरू, ती तर स्वतःच्याच बाजूने बोलणार.

राहिले व्हिडिओ. प्रेक्षकांमध्ये ज्याच्या हातात फोन होता त्याने तो क्षण टिपलाय. नऊ जणांचे पाहिले. सगळ्यांत चेंडू आहे, रिंग आहे, जिराफचे हात आहेत. पाय एकाही व्हिडिओत नाहीत. सगळ्यांनी फोन वर नेला! भर हॉलमध्ये पायांकडे बघणारं माणूस एकच असणार आणि ते गोदामात बसून औषधांची खोकी मोजतंय.

ताई म्हणत होती, सामन्याच्या आदल्या आठवड्यात चेंडू लागून तुझं नाक सुजलं होतं. बरं आहे ना आता?

मामा


१४ मार्च

भिंगरी, सापडलं!

खुंटीची आई शिवणकाम करते. मी दुकानात गेलो तेव्हा ती एका कोटाची बाही उसवत होती. तुमच्याकडे सामन्याचा व्हिडिओ आहे का, असं विचारलं तर संकोचून म्हणाली, "आहे, पण तो तुमच्या कामाचा नाही. त्यात खेळ नाहीच." मी म्हटलं दाखवा तर. बाईने अख्खा सामना फक्त स्वतःच्या मुलीचा घेतलाय. मुलगी बेंचवर बसून लेस बांधतेय, पाणी पितेय, नख खातेय. मागे हॉल दणाणतोय, पण आईने फोन इकडचा तिकडे केलेला नाही. मी तिथेच स्टुलावर बसून सगळा पाहिला. एका गिऱ्हाइकाला वाटलं मी मापं द्यायला आलोय.

आणि शेवटी तो क्षण. खुंटी नखशिखान्त दिसतेय. रिंगखालच्या, हा फाउल जिथे लागू नाही त्या अर्धवर्तुळाच्या चांगली बाहेर, दोन्ही पाय जमिनीवर, गुडघे किंचित वाकलेले, हात छातीशी. चौकटीच्या डाव्या कडेला एक पांढरा बूट. जिराफचा. टाच उचललेली, पण बोटं अजून जमिनीला टेकलेली. मी थांबवलं, पुढे नेलं, मागे आणलं. बूट जमिनीवर आहे तेव्हा खुंटी उभी आहे. मग बूट दिसेनासा होतो आणि खुंटी तशीच उभी आहे. मग धडक, थेट छातीवर.

फाउल उडी मारणारीचाच. तू बरोबर होतीस. अख्खा हॉल चुकला आणि तू एकटी बरोबर होतीस. मी दुकानातच इतक्या जोरात ओरडलो की बाईंच्या हातून कात्री पडली. भिंगरी, मला तुझा इतका अभिमान वाटला की घरी येताना रिक्षावाल्यालाही नियम समजावून सांगितला. त्याने ऐकून घेतला, चांगला माणूस होता.

व्हिडिओ घेऊन मी स्वतः मंडळाच्या बैठकीला जाणार. तू फक्त "मला असं दिसलं" एवढं लिहून पाठव. बाकी माझ्यावर सोड.

मामा


२० मार्च

प्रिय भिंगरी,

काल तुझा फोन आला. जे बोलणं झालं ते मला धड पेललं नाही, म्हणून आज सावकाश लिहितोय.

मी हॉलमध्ये होतो, मुलींचा गलका चालू होता, त्यामुळे पहिलं वाक्य दोनदा म्हणायला लावलं. तुला ते दोनदा म्हणावं लागलं याचं वाईट वाटतं.

"मामा, तो व्हिडिओ दाखवू नकोस. मी डोळे मिटले होते."

आणि मी तुला काय विचारलं, तर किती वेळ! माणसाची खोड जात नाही. पण तू सांगितलंस. जिराफ वेगाने येताना दिसली, आदल्या आठवड्यातला चेंडू नाकावर आल्यासारखं वाटलं आणि डोळे आपोआप मिटले. धडकेचा आवाज ऐकून शिट्टी वाजली. उघडले तेव्हा एक उताणी पडलेली, दुसरी तिच्यावर, आणि सगळा हॉल तुझ्याकडे बघतोय. काहीतरी दाखवणं भाग होतं, म्हणून तू मूठ तळहातावर मारलीस.

मग तू जे म्हणालीस ते काल जेवतानाही डोक्यातून जात नव्हतं. "दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर थाप मारली असती. तू पहिलाच प्रश्न पायांचा विचारलास, आणि मला ठाऊकच नव्हतं." म्हणजे मी मायेने विचारपूस केली नाही म्हणून तू फोन ठेवलास, हे ताईचं निदान आणि मनातून माझंही, साफ चुकलं. इतके दिवस तू रागावलीस असं धरून मी पत्रांतून लाडीगोडी लावत होतो आणि तू तिकडे लाजेने मरत होतीस. माझं टपालहशील फुकट गेलं.

तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं लिहिणार नाही. तो अंदाज होता. खालची उताणी पडली यावरून तू हिशोब केलास, तो वाईट नव्हता, आणि लागला. पण पंचाने पाहिलं नव्हतं. ही भानगड मी आजवर कुठे वाचलेली नाही. निर्णय बरोबर, पण तो देणाऱ्याला त्याचं कारण माहीत नाही. असा निर्णय कुणाचा म्हणायचा?

खरं सांगू, कालचा उरलेला दिवस मी तुझ्यावर चिडलो होतो. नुसता व्हिडिओ दाखवला तर तक्रार निकालात निघते, तुझं नाव राहतं, पुढच्या महिन्यात तू मोठ्या सामन्यांवर परत येतेस. मिटलेले डोळे कुणाला दिसलेले नाहीत, सगळे चेंडू बघत होते. हे मी फोनवर म्हणालोही. तू म्हणालीस, "मला माहीत आहे ना. आणि पुढच्या वेळी परत मिटतील." दाखवायचाच असेल तर दोन्ही गोष्टी सांग, नाहीतर एकही नको, अशी तुझी अट.

दोन्ही सांगितल्या तर तुझं नाव कमी होऊ शकतं. मी या मंडळींना ओळखतो. तरी तू म्हणतेस तसंच करीन. रात्रभर मनात धरून बघितलं, मला दुसरं काही करता येणार नाही.

मामा


३० मार्च

प्रिय भिंगरी,

काल बैठक झाली. फोनवर निकाल कळवला, पण तू "बरं" म्हणून ठेवलास, तेव्हा बाकीचं ऐक.

आधी व्हिडिओ दाखवला. टेबलाभोवती सगळे वाकून बघत होते. यजमानांच्या प्रशिक्षकाने चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून पाहिलं. जिराफही आली होती, प्लास्टर निघालंय. तिने दोनदा पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अरे, ती होती की." तिच्या त्या बोलण्यावर तक्रार संपली. प्रशिक्षकाने कागद मागे घेतला.

अध्यक्ष माझं अभिनंदनच करायला लागले. भाची मामावर गेली वगैरे. त्यांना थांबवून मी दुसरी गोष्ट सांगितली. जेवढी तू सांगितलीस तेवढीच. अध्यक्षांनी विचारलं, इथे बसलेल्यांपैकी कुणाचे डोळे कधी मिटलेत का? एकजण चष्मा पुसायला लागला, दुसऱ्याला खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं. मग अध्यक्षच म्हणाले की असं हे पहिल्यांदाच ऐकतोय, झालं पहिल्यांदाच असेल असं नाही.

नाव राहिलं. पण हा मोसमभर फक्त लहान मुलांचे सामने, आणि मोसम संपताना परीक्षा. त्यात पुन्हा डोळे मिटलेले दिसले तर शिट्टी कायमची ठेवायची. मला हे योग्य वाटलं. तुला कसं वाटलं ते तुझ्या "बरं"वरून मला कळलेलं नाही.

आता तुला भीती आहे की डोळे परत मिटतील. मला ते कसं होतं ते बघायचं होतं. म्हणून मी काठी घेऊन रिंगच्या मागे उभा राहिलो आणि मुलींना माझ्या अंगावर धावत यायला सांगितलं. व्यायामाच्या बाईंना हे कळलं तर माझा दुसराही गुडघा त्याच बदलतील. एका मुलीला माझा चेहरा बघायला बसवलं. डोळे मिटले. पुन्हा मिटले. किती ठरवलं तरी मिटले! जन्मभर पंचगिरी केली आणि आपल्या पापण्या काय करतात हे मला ठाऊक नव्हतं. ती मुलगी हसून हसून खाली बसली.

मग एक गंमत लक्षात आली. धावत येणारीच्या तोंडाकडे बघितलं की मिटतात. चेंडूकडे बघितलं तरी मिटतात. पण ती लांब असतानाच पायांवर नजर लावली आणि तिथेच ठेवली, तर मिटत नाहीत. निदान माझे. पाय आपल्या तोंडावर येत नाहीत म्हणून असेल. सगळ्यांचं असंच होतं की मी म्हातारा झालोय म्हणून, ते एकट्याच्या डोळ्यांवरून कसं ठरवू?

तेरा एप्रिलला बारा वर्षांखालच्या मुलींचा सामना आहे. पंच कमी आहेत. मी तुझं नाव दिलेलं नाही, आधी तुला विचारतोय. तू आलीस तर मला आनंद होईल. नाही आलीस तरी पत्रं थांबणार नाहीत, हे धमकी म्हणून समज.

मामा


१४ एप्रिल

भिंगरी,

काल सामना संपल्यावर तू पाच वाजताच्या बसला पळालीस. ताईने डबा दिला तो हातात, बूट पिशवीत. मला चार शब्द बोलायचे होते, पण चिमुरड्यांच्या आया तुला घेरून उभ्या होत्या आणि त्यांच्यादेखत भाचीचं चुकलं म्हणणं बरं दिसलं नसतं.

हो, चुकलीस. मध्यंतरानंतर, निळ्या गटाची ती दोन वेण्यांवाली उडाली आणि पिवळ्या गटाच्या गोबऱ्या पोरीवर पडली. तू फाउल गोबरीचा दिलास, ती उशिरा आली म्हणून. ती उशिरा आली नव्हती गं. मी शेवटच्या रांगेत होतो, पण पायांच्या बाबतीत माझी नजर अजून शाबूत आहे. दोन्ही पाय टेकलेले होते, वेण्यांवाली त्यानंतर उडाली. निर्णय साफ चुकीचा.

गोबरी रडवेली होऊन तुझ्याजवळ आली आणि काहीतरी म्हणाली. तू खाली वाकून तिला जमिनीवरची जागा बोटाने दाखवलीस, इथे हा पाय आणि इथे हा. तिने मान डोलावली आणि खेळायला पळाली. तू काय सांगितलंस ते मला ऐकू आलं नाही. पण जे पाहिलं तेच सांगत होतीस, हे लांबूनही कळत होतं. मला एकदम भरून आलं. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, तुमची नात खेळतेय का? मी म्हटलं, नाही, माझी पंच आहे.

आता सांग. माझ्या मते गोबरीचा डावा पाय टेकलेला होता. तुला तो हलताना दिसला असणार, त्याशिवाय तू तो फाउल दिला नसतास. मला मधे एका आईचं डोकं होतं, तेव्हा कदाचित माझंच चुकत असेल, पण मी सहजासहजी मान्य करणार नाही. कोणता पाय, किती हलला, वेण्यांवाली तेव्हा जमिनीवर होती की सुटली होती, सगळं सविस्तर लिही. चांगलं भांडू.

मामा